अकरा गाड्या तूर

हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. पण तुम्ही चहा पाजलात, वर खारे शेंगदाणे मागवलेत, आणि मग हळूच विचारलंत की दिगंबरराव, तुमच्या धंद्यातल्या सगळ्यांच्या भिंतीवर वर्गाचं प्रमाणपत्र लटकतंय, तुमच्याच खोलीत नुसता खिळा का? आता खाल्ल्या शेंगदाण्यांना जागायला नको का? सांगतो. मात्र हसायचं ते शेवटी हसा. मधे हसलात तर माझी जीभ अडखळेल, कारण दहा वर्षं होऊन गेली तरी मला त्या खिळ्याकडे बघितलं की लाज वाटते.

मी हुमनाबादचा. बस स्टँडच्या मागं माझी एक खोली. खोलीत दोन टेबलं, एक टाइपरायटर आणि दारावर पाटी, ‘विक्रीकर सल्लागार’. व्यापाऱ्यांचे सेलटॅक्सचे फॉर्म भरायचे, त्यांच्या वतीनं साहेबापुढं उभं राहायचं, हा धंदा. मी वकील नव्हे. पण गाव मला वकीलसाब म्हणतं आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. लाजेची सुरुवात हवं तर तिथूनच धरा.

आपल्या राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. कायदा बदलला होता, फॉर्म बदलले होते, आणि गुलबर्ग्याच्या आमच्या सल्लागार मंडळींच्या डोक्यात आलं की आपण सगळ्यांनी पुन्हा शिकायला बसलं पाहिजे. दोन दिवसांचा वर्ग. चहा, जेवण त्यांच्याकडून. शेवटी प्रमाणपत्र.

मला तर त्यांची चिठ्ठी वाचूनच राग आला. मी शिकायचं? अहो, छप्पन साली बिदर म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा आमचे उर्दूतले सगळे कागद रद्दीत निघाले. मी पंचविशीतला बाप्या, बायको हसत असताना पाटीवर कन्नडची बाराखडी गिरवली. मग इंग्रजी फॉर्म आले, तेही गिळले. बावीस वर्षं ह्या धंद्यात काढलेल्या माणसाला हे लोक बाकावर बसवणार!

आणि शिकवणार कोण, तर मिलिंद.

हा मिलिंद जनवाड्याचा. छप्पननंतर त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला. बापानं लोकांच्या शेतात राबून त्याला बी.कॉम. केलं. पास झाल्यावर वर्षभर तो माझ्याकडं काम शिकायला होता. माझ्या खोलीत चार खुर्च्या होत्या, पण त्याला मी दाराजवळच्या स्टुलावर बसवायचो. का बसवायचो, ते तुम्हाला कळलंच असेल. मला ते तोंडानं सांगायला आज जड जातं. तो मात्र कधी काही बोलला नाही. शिकला, बिदरला गेला, पाटी लावली, आणि सात-आठ वर्षांत इतका पुढं गेला की गुलबर्ग्याच्या लोकांनी शिकवायला त्यालाच बोलावलं. मला तो काका म्हणायचा, अजूनही म्हणतो.

तरी मी गेलो. कारण एकच. हुमनाबादचे बाकीचे दोघं जाणार होते, आणि उद्या त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्र आणि माझ्या भिंतीवर पाल, हे मला चाललं नसतं.

आता तुम्हाला माणिकप्पा सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माणिकप्पा म्हणजे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. मूळ शेतकरी घर, हायवेला डाळीची मिल. डोक्याला पांढरा रुमाल, बोलणं कमी, आणि सरकारी कागदाची धास्ती अशी की पोस्टमन दिसला तरी उठून उभे राहायचे. त्यांचं माझ्याकडं एकच मागणं होतं, दरवर्षी तेच. ‘वकीलसाब, काय बी करा, पर माझं नाव कुटं येऊ देऊ नगा.’ तीस वर्षांत त्यांच्या उंबऱ्यावर कुठला साहेब चढला नव्हता. त्यांच्या लेखी हीच त्यांची कमाई होती. आणि ही कमाई त्यांनी माझ्या हवाली केली होती.

संक्रांतीच्या आधी मिलमध्ये जागा पुरेना, म्हणून अप्पांनी दोन कोसांवरच्या मेव्हण्याच्या गोठ्यात तुरीची पोती ठेवायला घेतली. कायदा असा की जिथं जिथं माल ठेवाल ती जागा सरकारी नोंदणीच्या कागदावर चढवायची. अप्पा स्वतः आले, मी टाइप केलेल्या अर्जावर जीभ बाहेर काढून सही केली, तारीख घातली, आणि मला म्हणाले, ‘उद्या देताव न्हवं?’

मी म्हणालो, उद्या नक्की. आणि अर्ज माझ्या रेक्झिनच्या पिशवीत टाकला.

आठ महिने झाले. अर्ज पिशवीतच. मुद्दाम नव्हे हो. रोज सेलटॅक्सच्या ऑफिसात जायचो, रोज दुसरं काही निघायचं. अप्पा अधूनमधून विचारायचे, कागद दिलाव का? मी म्हणायचो, तुम्ही निवांत राहा. हे माझं उत्तर खोटं नव्हतं अशी मी माझी समजूत घालत होतो, कारण अप्पा निवांत होतेच.

तर वर्ग. पहिला दिवस, सकाळी दहा. एका शाळेचा हॉल, चाळीसेक माणसं. मी ठरवून शेवटच्या बाकावर दाराजवळ बसलो, म्हणजे मिलिंदला दिसावं की हा माणूस शिकायला नव्हे, मेहेरबानी करायला आलाय. मिलिंद उभा राहिला. सुरुवातीला काहीतरी गमतीचं बोलला, सगळे हसले. मी ऐकलंच नाही. मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मनात म्हणत होतो, माझ्या स्टुलावर बसणारा हा, आता माझ्याच पुढं उभा.

तो काय म्हणाला होता हे मला दोन दिवसांनी कळलं. येईलच पुढं.

अकराच्या सुमाराला त्यानं सायक्लोस्टाइल केलेला एक कागद वाटला. म्हणाला, हे एक उदाहरण आहे, जेवणापर्यंत विचार करा, उत्तर दुपारी बोलू. मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो.

एक डाळीचा व्यापारी. हायवेला मिल. मिलमध्ये जागा अपुरी, म्हणून नातेवाइकाच्या गोठ्यात माल. गोठा नोंदणीत नाही. व्यापाऱ्यानं अर्जावर सही करून दिलेली. अर्ज सल्लागाराच्या पिशवीत सात-आठ महिने पडून. आता काय करावे?

पुन्हा वाचलं. मिल हायवेला, बरोबर. गोठा नातेवाइकाचा, बरोबर. पिशवीसुद्धा! पिशवी माझ्या मांडीवर होती. ती मी नकळत बाकाखाली सरकवली.

माझं डोकं बघा कसं पळालं. म्हटलं, ह्याला कळलंय. ह्याला कुणी सांगितलं? ऑफिसातल्या कुणीतरी. म्हणजे ऑफिसात अप्पांची फाइल निघालीय. म्हणजे आज ना उद्या गोठ्यावर धाड. आणि हा पोरगा मला स्टुलाची परतफेड करायला चाळीस माणसांपुढं उभं करणार. मी वर बघितलं तर मिलिंद माझ्याकडं बघून हसला. आता विचार केला तर तो बिचारा ओळखीचं हसला असेल. मला ते हसणं कसं दिसलं ते विचारू नका.

मी पोटावर हात ठेवला, शेजाऱ्याला खूण केली, आणि दारातून सटकलो. शेवटच्या बाकाचा हा फायदा.

तिथून तडक तार ऑफिस. ट्रंक कॉलचे दिवस ते. अर्जंट लावला तरी दोन तास बाकड्यावर. अप्पांच्या मिलमध्ये फोन नव्हता. समोरच्या लॉरी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होता, तिथला मुनीम हाक मारून बोलवायचा. दोन तास मी बसलो आणि डावपेच रचले. आयुष्यात एवढी हुशारी मी कधी केली नव्हती.

लाइन लागली तेव्हा दीड वाजला होता. आवाज विहिरीतून आल्यासारखा, म्हणून मला ओरडावं लागलं. तार ऑफिसातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. तिकडं मुनीम आणि चार ड्रायव्हर अप्पांच्या कानाशी उभे होते, हे नंतर कळलं.

मी ओरडलो, ‘अप्पा, गोठ्यातली तूर आजच्या आज मिलमध्ये आणा!’

‘आज? आज कसं व्हतंय वकीलसाब, आज तर...’

‘आजच! उद्या धाड येणार. तुमचं नाव निघालंय.’

मग अप्पांचा आवाज आला, बारीक. ‘माझं नाव?’

‘व्हय. तुम्ही काही विचारू नका, मी सांगतो तेवढं करा. लॉरी नको, लॉरीला कागद मागतात. बैलगाड्या घ्या. शेतकऱ्याच्या बैलगाडीला नाक्यावर कुणी हात करत नाही.’

‘वकीलसाब, पर आज बैल...’

‘अप्पा, माझ्यावर विश्वास आहे का नाही?’

‘हाय की,’ अप्पा म्हणाले. ‘त्यो तर हाय.’

आणि लाइन तुटली. ‘पर आज बैल’ ह्याच्यापुढं त्यांना काय म्हणायचं होतं, हे विचारायला मी दुसरा कॉल लावला नाही.

माझ्या डोक्यावरचं ओझं असं उतरलं म्हणता! खानावळीत गेलो, पोटभर जेवलो, वर दोन वाट्या बासुंदी मागवली. मग उतरलो होतो त्या लॉजवर जाऊन जरा पाठ टेकली. उठलो तर पावणेपाच. वर्गात पोचलो तेव्हा मंडळी वह्या मिटून उठत होती. उत्तराचा तास होऊन गेला होता. मला बरंच वाटलं. ते उत्तर ऐकायची माझी छाती नव्हती आणि आता गरजही नव्हती. अप्पांना मी वाचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या बाकावर बसलो. मान ताठ. संध्याकाळच्या आत प्रमाणपत्रं वाटली. माझ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, दोन दिवस पूर्ण वेळ हजर. मी ते खुशाल घेतलं.

निघताना मिलिंद दाराशी आला. ‘काका, काल दुपारी दिसलाव न्हाई?’

‘पोट बिघडलं होतं.’

‘मला वाटलंच. त्या तासाचं टिपण तुमच्यासाठी काढून ठेवलोय. मोटारीत वाचा.’

घडी घातलेला कागद होता. मी म्हणालो, ठीक आहे, आणि पिशवीत टाकला. माझ्या पिशवीत गेलेल्या कागदाचं काय होतं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

हुमनाबादच्या अलीकडं विक्रीकराचा नाका आहे. बस थांबली. मी खिडकीत होतो. नाक्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेत बैलगाड्या उभ्या होत्या, एकामागं एक. पोत्यांनी भरलेल्या. मी सहज मोजल्या, अकरा. आणि पहिल्या गाडीच्या जुवाला टेकून, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला एक माणूस जमिनीवर बसला होता.

मी पिशवी उचलली आणि बसमधून उतरलो.

आदल्या दिवशी काय झालं, ते मला अप्पांच्या मेव्हण्यानं तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. तुम्हीही ऐका.

आदला दिवस पोळ्याचा होता.

मला कळलंच नव्हतं. माझ्या घरात बैल नाही, दावण नाही, आणि गुलबर्ग्याच्या बाजारात पोळ्याची काही गडबड नव्हती. आपल्याकडं कसं आहे, कानडी घरांत बैलांचा सण ज्येष्ठात उरकतो, कारहुणवीला. मराठी घरांत पोळा श्रावणी अमावस्येला. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कुणी जू ठेवत नाही. म्हातारा बैल असो, खोंड असो, त्याला धुतात, रंगवतात, पुरणपोळी चारतात आणि मिरवतात. अप्पांच्या स्वतःच्या चार बैलांच्या शिंगांना त्या दिवशी सकाळी बेगड लावलेली होती. ‘पर आज बैल’ म्हणजे हे.

पण मी सांगितलं होतं ना, माझ्यावर विश्वास ठेवा. अप्पांनी ठेवला. मराठी शेतकरी बैल देईनात, म्हणून अप्पा स्वतः दारोदार फिरले, ज्यांची कारहुणवी होऊन गेली होती त्या कानडी घरांतून हातापाया पडून अकरा जोड्या मिळवल्या. दुपारी तीन वाजता गोठा रिकामा करायला लागले. पाचला गाड्या हायवेवर आल्या.

आणि त्याच वेळी समोरून पोळ्याची मिरवणूक आली.

पुढं हलगी, मागं पन्नास-साठ बैल, झुली घातलेले, बाशिंगं बांधलेले. त्यांच्यासमोर अकरा जोड्या पोत्यांच्या ओझ्यानं वाकलेल्या, ऐन पोळ्याला! मिरवणूक थांबली. लोक अप्पांना विचारायला लागले, अप्पा, हे काय करायलाव, आज बैल जुंपायलाव? हलगी ऐकून गाड्यांचे बैल बुजले, एक गाडी आडवी झाली, मागं लॉऱ्यांची रांग लागली. हे सगळं नाक्याच्या बरोबर समोर. नाक्यावरचा साहेब आत चहा पीत होता. मेव्हणा शपथेवर सांगतो की साहेब नुसता बैल बघायला बाहेर आला होता. दक्षिणेकडचा माणूस, पोळा कधी बघितलेला नव्हता.

अप्पांना वाटलं, आला. ह्यानंच आपलं नाव काढलंय. ते गर्दीतून पुढं झाले, साहेबापुढं हात जोडले, आणि सगळ्या गावासमोर कन्नडमध्ये म्हणाले, साहेब, मी माणिकप्पा, पण मी काही केलेलं नाही, गोठा सगळा रिकामा केलाय.

साहेबानं विचारलं, कुठला गोठा?

झालं. तिथून पुढं काय होणार?

मी नाक्याच्या खोलीत गेलो तेव्हा साहेब टेबलाशी होता. तरणा माणूस, आवाज चढवत नव्हता. त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या मागून अप्पा आले, दाराशी उभे राहिले. आदल्या संध्याकाळपासून ते गाड्यांपासून हलले नव्हते. भाकरी मेव्हण्यानं आणून दिली होती.

साहेबानं विचारलं, गोठ्याचा अर्ज का दिला नाही? चूक कुणाची?

आता इथं खरी लाजेची गोष्ट आहे. पोळा, गाड्या, हलगी, ते सगळं हसण्यावारी नेता येतं. पण साहेबानं हे विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. तोंड उघडलं नाही. फार तर दहा-पंधरा श्वास घेतले असतील तेवढा वेळ. तेवढ्या वेळात अप्पांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं.

अप्पा म्हणाले, ‘साहेब, वकीलसाब मला धा बार सांगिटले. सही करायचं मीच इसरलो.’

नाव कुठं येऊ नये म्हणून तीस वर्षं जपणारा माणूस. त्यानं ते नाव उचललं आणि माझ्यावर पांघरलं.

आणि मी? मी त्यावर मान डोलावली! एवढंच नाही, ते खरं दिसावं म्हणून काहीतरी कागद दाखवावेत असं मला वाटलं आणि मी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यातून सरळ साहेबाच्या हाताखाली आला तो अप्पांचा अर्ज. सहीसकट, तारखेसकट. संक्रांतीच्या आधीची तारीख.

साहेबानं अर्ज बघितला. अप्पांकडं बघितलं. मग माझ्याकडं. म्हणाला, ह्यांनी तर आठ महिन्यांपूर्वीच सही केलीय. हा कागद तुमच्या पिशवीत काय करतोय?

तेव्हा कुठं माझ्या तोंडातून आवाज निघाला. ‘चूक माझी आहे.’ मराठीत म्हणालो की कन्नडमध्ये, ते आठवत नाही.

थांबा, संपलं नाही. पिशवीतून आणखी एक कागद बाहेर पडला होता. मिलिंदचं टिपण. ते मराठीत होतं, आणि साहेबाला वाटलं तोही अप्पांचाच काही कागद असेल. त्यानं तो नाक्यावरच्या मराठी शिपायाकडं दिला, वाच म्हणाला. शिपायानं खडखडीत आवाजात वाचला. एक, उशिराचं खरं कारण लिहून अर्ज लगेच द्यावा. दोन, साहेबानं विचारायच्या आधी आपणच जाऊन सांगावं, बहुतेक वेळा समज देऊन सोडतात. तीन, घाबरून माल हलवू नये. तिसऱ्याच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या.

खाली बारीक अक्षरात आणखी होतं. शिपाई थांबला नाही, तेही वाचलं. ‘काका, हे उदाहरण माझंच हाय. एका व्यापाऱ्याचा कागद माझ्या पिशवीत आसाच पडून व्हता. वर्गात तसं सांगिटलो, तर अजून नऊ जणांनी हात वर केले. तुमची आठवण आली. तुमच्याकडं कामाला आसतो आन आसं केलो आसतो, तर तुम्ही मला लई रागावला आसता.’

शिपायानं कागदाची घडी घातली आणि अगदी अदबीनं माझ्या हातात दिली.

वर्गात तो हसून काय म्हणाला होता, तेही नंतर कळलं. म्हणाला होता, आज आमच्या बिदरकडं पोळा, बैलांना सुट्टी हाय, फकस्त आपल्यालाच जुंपलंय. सगळे हसले होते. मी खिडकीबाहेर बघत होतो.

साहेब भला होता. माझं लेखी कारण घेतलं, अर्ज घेतला, अप्पांना समज दिली आणि दुसऱ्या दिवशी गाड्या सोडल्या. जो काही दंड बसला तो मी भरला, अप्पा नको म्हणत असताना. पण अप्पांची कमाई गेली ती गेलीच. बाजारात महिनाभर एकच विषय, माणिकप्पानं ऐन पोळ्याला बैल जुंपले आणि नाक्यावर धरला गेला. त्यांच्या घरच्या चार बैलांची मिरवणूकही त्या वर्षी झाली नाही. सजवलेले बैल दारातच उभे राहिले. त्यांच्या बायकोनं मला हे एकदाच सांगितलं.

मी बिदरला गेलो. मिलिंदच्या खोलीत त्यानं मला खुर्ची दिली, पंख्याखालची. मी सगळं सांगितलं, स्टुलाचंही सांगितलं. तो ऐकून म्हणाला, ‘काका, चहा घ्या.’ एवढंच. मी चहा घेतला.

तुम्हाला वाटेल, अप्पांनी कागद काढून दुसऱ्याकडं नेले असतील. नाही नेले. मलाही तेच कळेना. पुढच्या वर्षी वर्गाची चिठ्ठी आली तेव्हा अप्पा माझ्या खोलीतच बसले होते. त्यांनी विचारलं, ‘अवंदा कधी जायलाव?’

मी तारीख सांगितली. पोळा नव्हता, आधी बघून घेतलं होतं.

‘मीबी येतो.’

‘अप्पा, तो आमच्या धंद्यातल्या लोकांचा वर्ग आहे.’

‘आसू द्या की. तुम्ही आत बसा. मी दारात बसतो.’

‘कामून?’

‘तुम्ही भाईर निघालाव म्हंजे धरायला.’

आणि खरंच आले हो! भाकरीचं गाठोडं घेऊन, दोन दिवस, दाराजवळ. पहिल्या दिवशी दुपारी मिलिंदनं त्यांचा हात धरून पुढच्या बाकावर आणून बसवलं. मग त्यानं तोच जुना प्रश्न काढला, गोठ्याचा. सगळ्यात आधी काय करू नये? आम्ही चाळीस जण पानं चाळत होतो. अप्पा उभे राहिले आणि शाळेतल्या पोरासारखं म्हणाले, ‘माल हलवू नये.’ मिलिंदनं टाळी वाजवली. शेवटी प्रमाणपत्र त्यांनाही दिलं. अप्पांनी ते काचेच्या फ्रेममध्ये घालून मिलच्या गादीमागच्या भिंतीवर लावलं. नाव कुठं येऊ नये म्हणणारा माणूस, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला आपलं नाव बोटानं दाखवतो.

पहिल्या वर्षीचं प्रमाणपत्र मी फाडलं. दोन दिवस पूर्ण वेळ हजर, ते भिंतीवर कसं लावणार? दुसऱ्या वर्षीचं मात्र खरं होतं. अप्पा साक्षीदार! ते मी त्याच खिळ्यावर लावलं. महिनाभर होतं, मग मीच उतरवून ठेवलं.

झालं असं की एक नवं गिऱ्हाईक आलं, संतपूरकडचा हरभऱ्याचा व्यापारी. खुर्चीत बसला, भिंतीवर बघितलं, आणि त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, ‘आरं वा, तुम्हीबी माणिकप्पाच्या वर्गातले का? मग काम बराबर करत आसाल.’

मी हसलो. काय करणार?

तो कागद बांधून उठला आणि म्हणाला, ‘तरी बी सही करायच्या आधी एकदा अप्पास्नी इचारून येतो.’